नाणं हलकं भरलं, म्हणजे टाकसाळ चुकली का?

समजा, तुमच्यासमोर चांदीचा एक जुना रुपया आहे. काट्यावर ठेवला तर ११.२१ ग्रॅम भरला. पुस्तकात त्याचं वजन ११.६६ ग्रॅम दिलेलं आहे. आता वहीत काय लिहाल?

बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट लिहितात: ‘वजनात कमी’, ‘बनावट’, किंवा हल्ली जास्त आवडीचं ‘मिंट एरर’. यातलं फक्त पहिलं हे निरीक्षण आहे. बाकीचे दोन निष्कर्ष आहेत, आणि नुसत्या वजनावरून तिथे पोचता येत नाही. निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यातलं हे अंतर कसं चालायचं, ते आज नाण्यांच्या उदाहरणाने बघू. तुमचा विषय नाणी नसेल तरी चालेल. मोजमाप करणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं.

उदाहरणासाठी एटापल्ली डोळ्यासमोर ठेवू. गडचिरोली जिल्ह्यातला हा तालुका माडिया गोंडांचा, जंगलाचा. जुने चांदीचे रुपये इथे काचेच्या कपाटात नसतात. ज्या घरांत ते उरलेत तिथे गाठोड्यात बांधलेले असतात, किंवा भोक पाडून, कडी लावून माळेत ओवलेले असतात. अडीनडीला त्यातला एखादा सराफाकडे जातो. तिथे ‘वजनात कमी आहे, खोटा दिसतो’ एवढं एक वाक्य किंमत पाडायला पुरतं. उद्या तुम्ही फील्डवर्कला गेलात आणि ‘तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा’ असं म्हणत कुणी तो रुपया हातात ठेवला, तर तुमचं उत्तर वहीपुरतं राहणार नाही. त्या घरातल्या चांदीचा भाव त्यावर ठरू शकतो.

आधी ठरवा: कमी म्हणजे कशापेक्षा कमी?

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने एकसारखा रुपया काढला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे साधारण ९१.७ टक्के. हेच वजन पुढे इंग्रजी अमदानीच्या शेवटापर्यंत टिकलं. त्याआधीचे, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात चाललेले रुपये वेगळ्या मापाचे. त्यांना ११.६६ च्या पट्टीने मोजणं म्हणजे पायलीने कापड मोजण्यासारखं आहे.

इथे एक गंमत आहे, पण ती महाग पडू शकते. १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा. रुपया हे नाणंही होतं आणि वजनाचं मापही होतं. ८० तोळ्यांचा शेर याच तोळ्याचा. म्हणून जुनी माणसं ‘एक तोळ्याचा रुपया’ म्हणतात, ते अगदी बरोबर आहे. आज मात्र बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. जुने पाच रुपये म्हणजे ५८.३ ग्रॅम. ‘पाच तोळे’ म्हणून ५० ग्रॅमचा हिशेब झाला, तर ८.३ ग्रॅम चांदी नुसत्या शब्दात हरवली. उलट बाजूही बघा. चांदीचा रुपया १० ग्रॅम भरला तर ‘बरोबर एक तोळा’ म्हणून कुणी खूश होईल, पण त्याचं १४ टक्के वजन गेलेलं असेल. म्हणून वहीत तोळा लिहू नका, ग्रॅम लिहा.

टाकसाळीलाही सूट असते

कुठलीही टाकसाळ हुबेहूब ११.६६ ग्रॅमचं प्रत्येक नाणं पाडू शकत नाही. धातूची पट्टी लाटताना एखाद्या ठिकाणी केसभर जाड होते, एखाद्या ठिकाणी पातळ. कायदा हे धरून चालतो. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपयाला वजनात हजारी ५ आणि कसात हजारी २ एवढी सूट होती. लंडनमध्ये तर टाकसाळीने ही मर्यादा पाळली की नाही हे पंचांसमोर तपासायची रीत तेराव्या शतकापासून चालत आली आहे.

हजारी ५ म्हणजे ११.६६ ग्रॅमला ०.०५८ ग्रॅम. म्हणजे टाकसाळीतून निघालेला कोरा रुपया ११.६१ ते ११.७२ यांच्या मध्ये कुठेही असू शकतो आणि त्यात काहीही चुकलेलं नसतं.

आता तुमच्या काट्याकडे बघा. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या पायरीने चालतो, तो इथे निरुपयोगी. ०.१ ग्रॅमचा काटाही पुरत नाही, कारण तुम्हाला ०.०६ चा फरक पकडायचाय. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा, सोबत एक प्रमाणित वजन हवं, आणि सपाट जागा हवी. पंखा बंद करा. एकच नाणं पाच वेळा उचलून पुन्हा ठेवा आणि पाचही आकडे लिहा. त्यांच्यात आपसातच ०.०३ चा फरक पडत असेल, तर ०.०२ ने हलक्या भरलेल्या नाण्याबद्दल तुम्ही काहीही बोलू शकत नाही. मोजायच्या वस्तूची सूट आणि मोजणाऱ्या यंत्राची चूक, दोन्ही माहीत असल्याशिवाय ‘कमी’ हा शब्द वापरायचा नाही.

चार रुपये, चार उत्तरं

आता सरावासाठी चार नाणी घेऊ. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत.

पहिलं: ११.६२ ग्रॅम. सुटीच्या आत. विषय संपला.

दुसरं: ११.४९ ग्रॅम. टाकसाळीच्या सुटीबाहेर आहे, पण हे नाणं टाकसाळीतून आत्ता निघालेलं नाही. ते हातोहात फिरलंय. कायद्यानेही झीज धरली होती: प्रमाण वजनापेक्षा २ टक्क्यांपर्यंत कमी असलेला रुपया चलनात घ्यावाच लागे. ही मर्यादा ११.४३ ग्रॅमवर येते. म्हणजे हे नाणं त्या काळातही निमूट चाललं असतं. राणीच्या गालावरची, केसांवरची उंच नक्षी सपाट झालेली दिसते का बघा. झीज आधी उंचवट्यांवर दिसते.

तिसरं: आपला सुरुवातीचा ११.२१ ग्रॅमचा रुपया. त्याला माळेसाठी ३ मिलिमीटरचं भोक आहे. आता गणित करा. भोकाचं क्षेत्रफळ साधारण ७.०७ चौरस मिलिमीटर, नाण्याची सरासरी जाडी दीड मिलिमीटर, म्हणून गेलेला धातू १०.६ घन मिलिमीटर. या चांदीची घनता एका घन सेंटिमीटरला सुमारे १०.३ ग्रॅम. म्हणजे भोकामुळे गेले ०.११ ग्रॅम. एकूण तूट ०.४५ ची, तेव्हा उरलेल्या ०.३४ चा हिशेब अजून लागायचाय. ही जवळपास ३ टक्के तूट झिजेची असू शकते किंवा कुणी कानस मारलेली असू शकते. कड बघा. रुपयाची कड दातेरी ठेवत, कारण कड खरवडली की ते लगेच कळावं. दाते सगळीकडे सारखे बोथट झाले असतील तर झीज. एखाद्या बाजूला दाते साफ गायब आणि तिथे सपाट पट्टा असेल तर कानस. आणि दोन्ही बाजू एकसारख्या खडबडीत, नक्षी विरघळल्यासारखी दिसत असेल, तर तेजाबाचा संशय घ्या.

चौथं: १२.०५ ग्रॅम. कडी डाख देऊन जोडलेली आहे. कडी आणि डाख यांचं वजन वेगळं करता येत नसेल, तर हा आकडा नाण्याचा नाहीच, दागिन्याचा आहे. ‘कडीसह’ असं लिहा आणि सरासरीतून वगळा.

बघा, चारपैकी एकाही ठिकाणी टाकसाळ चुकलेली नाही.

नाण्यावरच्या सालाबद्दलही सावध राहा. ‘१८६२ चा रुपया, इतकी वर्षं झिजला’ असं गणित मांडायचा मोह होतो. पण ‘१८६२’ हे साल असलेले रुपये पुढे दहा वर्षांहून अधिक काळ पाडले जात होते. ‘१८३५’ वाल्या रुपयांचंही तसंच, ते १८४० पर्यंत पडत होते. त्यामुळे नाण्यावरचं साल आणि नाणं पडल्याचं साल एकच असेल असं नाही.

वजन बरोबर, आणि तरी चांदी निम्मी

आता उलटी बाजू. १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात, सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. वजन मात्र तेच ठेवलं, ११.६६. म्हणजे १९१८ चा आणि १९४२ चा रुपया काट्यावर सारखेच भरतील आणि एकात दुसऱ्याच्या जवळपास निम्मीच चांदी असेल. दोन्ही खरे, दोन्ही सरकारी. ज्याला फक्त वजन कळतं, तो इथे स्वतः तरी फसेल किंवा दुसऱ्याला तरी फसवेल.

साल वाचता येत असेल तर प्रश्न मिटला. माळेतल्या घासलेल्या नाण्यावर ते वाचता येत नसेल, तर आर्किमिडीजला बोलवायचं. काट्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ११.६६ ग्रॅमच्या नाण्यासाठी जुनी चांदी असेल तर हा आकडा सुमारे १.१३ येतो, निम्म्या चांदीच्या नाण्याला १.२२ च्या आसपास, आणि वर मुलामा देऊन आत तांबं असेल तर १.३० च्या आसपास. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा उत्तर बिघडवतो, म्हणून बुडवल्यावर हलकेच हलवा. १९४७ चा रुपया तर निकेलचाच, तो चुंबकाला चिकटतो. चांदीचा चिकटत नाही.

मग खरी टाकसाळी चूक कशी असते?

नाणं तीन टप्प्यांत होतं. धातूच्या पट्टीतून कोरी चकती कापतात, ठसे तयार करतात, आणि दोन ठशांमध्ये चकती दाबतात. चूक या तीनपैकी कुठे झाली हे सांगता आलं पाहिजे.

चकतीची चूक वजनात दिसते. पट्टी पातळ लाटली गेली, चकती कापताना शेजारच्या भोकावर यंत्र पडून चंद्रकोरीसारखा तुकडा गेला, पापुद्रा सुटला, किंवा दुसऱ्याच नाण्याची चकती आली, तर वजन बदलतं. चंद्रकोरीसारखं कापलेलं नाणं बाजारात कात्रीनेही बनवता येतं, म्हणून पडताळा घ्या: चकती मुळातच तुटकी असेल, तर दाबताना धातू नीट सरकत नाही आणि तुटक्या भागाच्या बरोबर समोरची कडही अशक्त, अर्धवट उठलेली असते. नंतर कापलेल्या नाण्याची समोरची कड धडधाकट असते.

ठशाची चूक वजनात दिसत नाही. ठशाला तडा गेला की नाण्यावर उंच रेघ उठते, कारण तड्यात धातू शिरतो. ओरखडा मात्र खोल असतो. नखाने आणि भिंगाने हा फरक कळतो आणि अर्धी ‘दुर्मीळ’ नाणी इथेच साधी ठरतात.

दाबण्याची चूकही वजनात दिसत नाही. छाप एका बाजूला सरकणं, दोनदा बसणं, किंवा आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिल्याने पुढच्या नाण्यावर त्याची उलटी, खोल प्रतिमा उमटणं, या सगळ्यांत धातू तेवढाच असतो.

म्हणजे बहुतेक हलकी नाणी टाकसाळी चुका नसतात आणि बहुतेक टाकसाळी चुकांची नाणी हलकी नसतात. वजन हा चूक शोधायचा मुख्य पुरावा नाही. चकतीच्या चुकीसाठीसुद्धा तो फक्त जोडपुरावा आहे.

जिथे ‘चूक’ हा शब्दच बसत नाही

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा मिळाला आणि हर्नले यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. (गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला, त्याआधी एटापल्लीही त्याच जिल्ह्यात.) १९३९ मध्ये आजच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळ्याला असाच मोठा साठा निघाला, तो वा. वि. मिराशींनी अभ्यासला. पोटीन म्हणजे तांबं, कथील, शिसं यांचं मिश्रण. या नाण्यांची वजनं एकमेकांशी जुळत नाहीत आणि छाप हमखास सरकलेला असतो. राजाचं अख्खं नाव एका नाण्यावर क्वचितच बसतं. एका नाण्यावरची पहिली अक्षरं, दुसऱ्यावरची शेवटची, अशी जोडत नावं वाचावी लागतात. आपल्या शिवराईचंही तेच: ठसा मोठा, चकती लहान, म्हणून ‘श्री राजा शिव’ मधलं काहीतरी कडेबाहेर राहतंच.

अशा नाण्यांना ‘ऑफ-सेंटर एरर’ म्हणणं म्हणजे हाताने थापलेल्या भाकरीला गोल नाही म्हणून नापास करणं. ‘चूक’ ठरवायला आधी त्या टाकसाळीचा नियम काय होता ते माहीत हवं. इथे एक नाणं नाही, अख्खा साठा हा तुमचा पुरावा असतो. त्यातली चार नाणी कुणी विकली की राजाचं नाव अर्धवट राहतं. म्हणून जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर ते कलेक्टरला कळवायचं, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, हे फील्डवर जाण्याआधी माहीत असू द्या.

आजची नाणी आणि लाखांचे व्हिडिओ

‘हलकं एक रुपयाचं नाणं, किंमत लाखात’ असले व्हिडिओ एटापल्लीतही मोबाइलवर पोचतात. साधी गोष्ट आहे. १९९२ पासूनचं पोलादी एक रुपयाचं नाणं ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर. २०११ मध्ये आलेलं ३.७९ ग्रॅम, २२ मिलिमीटर. हलकं झालं, कारण सरकारने नवा प्रकार काढला. आणि २०११ मध्ये आलेलं दोन रुपयांचं नाणं ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर, म्हणजे जुन्या एक रुपयाएवढंच! तेव्हा ‘दोनचा छाप चुकून एकच्या चकतीवर’ असा दावा वजन दाखवून सिद्धच होत नाही.

प्रकार माहीत नसले की खरं नाणंही खोटं ठरतं. दहा रुपयांच्या नाण्याचं हेच झालं. अनेक ठिकाणी दुकानदार ते घेईनात, कारण एकावर ₹ चिन्ह आणि दुसऱ्यावर नाही. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की १४ प्रकारची नाणी निघाली आहेत आणि सगळी चालतात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने आणखी एक इशारा दिला: तिचं नाव वापरून जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली शुल्क, कर मागणाऱ्यांपासून सावध राहा. तुमच्या फील्डमधल्या घरांत हा इशारा पोचवणं हेही कामच आहे.

माळेतलं नाणं

माळ उसवू नका. पाहिजे तर कॅलिपरने व्यास मोजा, परवानगी घेऊन दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घ्या. वजनाच्या रकान्यात ‘माळेत, वजन घेतलं नाही’ असं लिहा. रिकामा रकाना चालतो, अंदाजाने भरलेला चालत नाही. नाणं चिंचेने किंवा रांगोळीने घासून चमकवू नका. झिजेचा पुरावा तुम्हीच पुसून टाकाल. ग्रामसभेला आधी कळवा. माडिया येत नसेल तर गावातलाच दुभाषी घ्या. माळ कुणाकडून आली, कधी कडी लावली, मधल्या काळात कुणाकुणाच्या गळ्यात होती हे विचारा. काट्यावरची तूट समजायला हीच माहिती लागते.

आणि कुणी विचारलंच, ‘खरा आहे का?’, तर जेवढं तपासलंय तेवढंच सांगा: ‘वजन इतकं आहे, भोकामुळे इतकं गेलंय, बाकीची झीज दिसते, पाण्यातला आकडा जुन्या चांदीशी जुळतो.’ सराफासमोर उभं राहायला त्या बाईला यातलं प्रत्येक वाक्य उपयोगी पडेल. ‘मिंट एरर असावा’ हे पडणार नाही.

सरावाला चांदीचा रुपया लागत नाही. घरातली एक रुपयाची वीस नाणी गोळा करा, प्रत्येकाचं वजन लिहा आणि आधी सरासरी काढा. त्यात वरचे दोनच प्रकार निम्मे-निम्मे असतील तर ती ४.३२ ग्रॅमच्या आसपास येईल. मग वीस आकडे एका ओळीवर मांडा. एक घोळका ३.७९ जवळ, दुसरा ४.८५ जवळ, आणि ४.३२ वर एकही नाणं नाही. त्यानंतर त्या दोन घोळक्यांपासून लांब पडलेलं एखादं नाणं असेल, तर ते बाजूला काढा आणि भिंग हातात घ्या. तुमचा खरा प्रश्न त्या नाण्यापासून सुरू होतो.